गुडघा दुखतोय, असं सांगणारा खेळाडू

आबा, मी आता कबड्डीचा गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे, काम देवपूरच्या घरातूनच करते. मोबाईलवर आपला संघ निवडायचा आणि सामने खेळायचे, असा तो गेम. त्यात चढाया बसवणं आणि खेळाडूंना दुखापत कशी होते, ते ठरवणं माझ्याकडे आहे. प्रत्येकाला टिकाव म्हणून एक आकडा दिलेला असतो. चढाया करून खेळाडू थकला की दुखापतीची शक्यता वाढते, आणि दुखऱ्या पायानं त्याला तसंच उतरवलं तर तो आकडा कायमचा खाली येतो. आधी दुखापत झाली की नावापुढे आपोआप लाल खूण यायची. मी म्हटलं, खूण नको. माझी सहकारी फोनवर हसली. "अगं, मग कळणार कसं?"

"खेळाडूला विचारायचं."

"आणि तो खोटं बोलला तर?"

"बोलेलच की."

मी लहान असतानाची एक सकाळ, शिंदखेड्याचं आपलं स्वयंपाकघर. तुम्ही ताटावरून उठताना भिंत धरता. आई सूज बघून म्हणते, "गुडघा सुजेल शे. आज जाऊ नका."

"काही नही व्हयनं," म्हणत तुम्ही लुंगी खाली ओढता. जळगावला त्या दिवशी विभागाच्या संघासाठी निवडीचा सामना होता. विश्रांती मागणाऱ्या एकाला तुमच्या प्रशिक्षकांनी आदल्या वर्षी बसवलं होतं, ते पुन्हा घेतलंच नाही. तुम्ही मलाही सोबत नेलंत. उत्तरार्धात तिघांनी तुमची पकड केली आणि तुम्ही उठला नाहीत. परतीच्या एसटीत पाय बाकावर लांब ठेवून तुम्ही खिडकीकडे बघत, प्रशिक्षकांना न सांगितल्याबद्दल म्हणालात, "मी सकायमाच सांगाले जोयजे व्हतं." त्यानंतर तुम्ही मैदानात उतरला नाहीत. गावात सामने असले की मागच्या रस्त्यानं घरी यायचात.

म्हणून गेममध्ये मी असं ठेवलंय, की एखाद्याला विश्रांती देऊनही संघातून काढलं नाही, तर पुढच्या वेळी तो खरं सांगतो. काल तपासताना माझ्या चढाईपटूला विचारलं. गुडघा दुखतोय, म्हणाला. मी त्याला बसवलं. सामना हरले, तरी बरं वाटलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. तुमची एकही चढाई मला आठवत नाही. मी लहान होते, मांडवात दुसऱ्या मुलींशी खेळत होते, लोक उभे राहिले तेव्हा वळून पाहिलं. गेममधल्या चढाया मी दुसऱ्यांच्या बघून बसवल्यात.