भट्टीच्या वहीतील क्रूस नसलेली पाने

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ज्याच्या कृपेवाचून लेखणी उचलत नाही, त्या दयाघनाचे स्मरण करून आज एका जड विषयाला हात घालतो.

सोहारहून मिस्सा ऐकून परतलो, तो कारखान्याच्या फाटकाशी अर्बाब, आमचे मालक, उभे. शुक्रवारी ते कधी येत नाहीत. हातात पत्र. गॅसचा सवलतीचा दर यापुढे केवळ माल काढणाऱ्या भट्ट्यांना. नुसत्या तापत ठेवलेल्यांना पूर्ण दर. जुलैपासूनच्या नोंदी तपासायला गुरुवारी मस्कतहून माणसे येणार.

आमची काचभट्टी ऑगस्टच्या मध्यापासून नुसती तापते आहे. बाहेरून येणाऱ्या बाटल्या स्वस्त, आमच्यांना गिऱ्हाईक नाही. पूर्ण दर लागला तर ती विझवावी लागेल. आणि काचभट्टी म्हणजे घरची चूल नव्हे. एकदा थंडावली की पोटातला रस दगड होतो, घुमटाच्या विटा तडकतात, ती पुन्हा पेटत नाही. अकरा वर्षे तिची आच मी सांभाळली. तिच्यावर शंभरावर घरे: इथली खाबुऱ्याची, रत्नागिरीकडची, आमच्या वसईची.

९ नोव्हें., रविवार

अर्बाबांनी केबिनमध्ये बोलावले. प्रथम वडिलांची गोष्ट सांगितली. वडील मासे सुकवून विकत. गावातल्या पोरांना समुद्रावाचून दुसरे काम मिळावे म्हणून मुलाने ही भट्टी उभारली. गॅस आमच्याच वाळूखालचा, म्हणाले. स्वस्त होता तोवर कोणी विचारले नाही, आता सरकार म्हणते प्रत्येक ज्वाळेने काही घडवून दाखवावे. सरकारचे चुकले असे नाही, हेही तेच म्हणाले.

मग एक कोरी वही पुढे सरकवली. जुलैपासूनच्या नोंदी हिच्यात नव्याने उतरवायच्या, आणि ऑगस्टच्या मध्यानंतरही माल निघाल्याचे दाखवायचे.

“मास्टर, तुम लिखो. तुम्हारे हाथ पर सबको भरोसा है.”

एरवी या वाक्याने संतोष वाटला असता. वही घेतली. नाही म्हणालो नाही.

१० नोव्हें., सोमवार

इक्बालभाईंना सांगितले. हे दुसऱ्या पाळीचे मुकादम, दापोलीकडचे. या भट्टीपाशी माझ्याइतकेच जुने.

आम्हा दोघांची एक रीत आहे. पाळीची पहिली बाटली धड निघाली की त्या दिवसाच्या पानावर, डाव्या कोपऱ्यात मी लहानसा क्रूस काढतो. उजव्या कोपऱ्यात ते बिस्मिल्लाचे ७८६ लिहितात. बाटली निघाली नाही तर कोपरे कोरे. ही रीत पडली तेव्हा इक्बालभाई म्हणाले होते, “मास्तर, एका कोपऱ्यात तुमचा, एका कोपऱ्यात माझा. मधल्या रकान्यात सैतानाला जागाच नाय.”

आज नवी वही उघडून पाहिली, मिटली. मग, “आता मधल्या रकान्यात कोण लिवणार, मास्तर?”

११ नोव्हें., मंगळवार

मस्कतजवळच्या बौशरहून रोझीचा फोन. न राहवून लेकीला सारे सांगितले. तिच्या ऑफिसात असले कागद रोज होतात, तुम्ही एवढे मनाला लावून घेऊ नका, म्हणाली. फोन ठेवता ठेवता:

“पप्पा, केलंत तर मला सांगू नका.”

१२ नोव्हें., बुधवार

केले.

दुपारी जेवणानंतर बसलो, चारपर्यंत उठलो नाही. जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत खरे उतरवले, पुढचे रचले. अक्षर नेहमीसारखेच वळणदार. याचेच भय वाटते.

पवित्र शास्त्रातले ते तीन तरुण आठवतात. मूर्तीपुढे वाकले नाहीत म्हणून धगधगत्या भट्टीत टाकले गेले. मी मात्र भट्टी विझू नये म्हणून वाकलो.

खऱ्या पानांवर क्रूस काढला. रचलेल्या पानांवर काढवेना. आकडा खोटा लिहिला, पण त्याच्या माथ्यावर ती खूण ठेवणे...

इक्बालभाई आले. पाने चाळली, खऱ्यांवर ७८६ लिहिले, रचलेल्यांशी थांबले.

“आकडे झाले. वरचं?”

“वरचं नाही.”

“माझंबी नाय.”



१३ नोव्हें., गुरुवार

तपासनीस म्हणून आली ती एक इंजिनिअर बाई, ओमानी, रोझीच्या वयाची. सौम्य. पाने सावकाश उलटत होती. जुलैच्या पानावर बोट ठेवून विचारले, या खुणा कसल्या? अर्बाब हसून म्हणाले, कामगारांची प्रार्थना, भट्टीसाठी. तीही हसली. पुढे गेली. थांबली. मागे आली.

मग ऑगस्टच्या मध्यानंतर प्रार्थना का थांबली, असे विचारले.

त्या कोऱ्या कोपऱ्यांकडे दुसरे कोणी पाहील, हे आम्हा दोघांच्याही मनात आले नव्हते. अर्बाब म्हणाले, “मास्टर भूल गया होगा.”

उत्तर असे तयार होऊन हातात आले. मान हलवली की पुरे होते.

म्हणालो, “विसरलो नाही. त्या दिवसांत बाटली निघाली नाही.”

दारापाशी इक्बालभाई उभे होते. “मेरा भी नहीं है, मॅडम. देख लीजिए.”

तिने पेनचे टोपण लावले. जुनी वही मागितली. मी आणून दिली.

अर्बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही.

१४ नोव्हें., शुक्रवार

सोहारला पापकबुली. फादरांनी विचारले, कशाने अधिक जड झालात, लिहिल्याने की उघड केल्याने?

मेसमध्ये माझ्या बाकावर कोणी बसले नाही. पॅकिंगमधला एकजण भात वाढून घेताना मोठ्याने म्हणाला, मास्तर स्वर्गात जाणार, आपण गावाला. कोणी हसले नाही. इक्बालभाई ताट घेऊन समोर येऊन बसले, “मला कुठं धाडतोस रे?” असे त्याला विचारले आणि जेवू लागले.

१९ नोव्हें., बुधवार

मस्कतचा निर्णय अजून नाही. मात्र काल त्या बाईंचा फोन आला होता: कमीत कमी आचेवर भट्टी किती दिवस जिवंत राहील, एवढेच विचारले. का विचारले, ते सांगितले नाही.

सकाळी अर्बाब स्वतः भट्टीपाशी आले. गुरुवारनंतर प्रथमच. सोबत काहव्याचा थर्मास आणि खजूर. लहानसा पेला, फिंजान, भरून माझ्यापुढे ठेवला. दोघेही झरोक्यातून आतला लाल रस पाहत राहिलो.

“कितने दिन, मास्टर?”

घुमट जपला तर महिनाभर, म्हणालो. त्यापुढे त्याची इच्छा.

“इन्शाल्ला,” ते म्हणाले. मग बाईंनी नक्कल घेऊन परत केलेली जुनी, खरी वही काखेतून काढून माझ्या मांडीवर ठेवली. “आज का लिखो.”

तापमान लिहिले. गॅसचे रीडिंग लिहिले. मधल्या रकान्यात: माल नाही. कोपरा कोरा ठेवला. अर्बाबांनी त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवले आणि वही मिटली.

आच कमी केली आहे. विझलेली नाही.

हे पान पुढे ज्याच्या हाती पडेल, त्याच्या घरची आच राखली जावो, त्याच्या ताटात भाकर असो, आणि कोरे ठेवावे लागेल तेथे त्याचा हात थांबो. आमेन.