दोघे एकदम गेल्यास

मी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, वय वर्षे सत्त्याहत्तर, हे मृत्युपत्र राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे समोरच्या डॉक्टरांनी आज तपासून सांगितले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. भीती मात्र आहे, आणि ती लपवली तर पुढचे सगळेच खोटे ठरेल, म्हणून आधीच नोंदवते.

कारण असे की माझा मुलगा आणि मुलगी या क्षणी एकाच स्वयंपाकघरात आहेत. उद्या नवे साल लागताच जगातले संगणक बंद पडणार, विमाने कोसळणार, असे पेपरात रोज येते आहे. आई एकटी घाबरेल म्हणून दोघे परस्पर ठरवून, मला न विचारता, एकाच गाडीतून आले. रस्त्यात काय झाले असते, याचा विचार मी अजून थांबवू शकलेले नाही.

कलम १. घराची व्यवस्था कळायला आधी घराचा नियम कळला पाहिजे. आमच्यात सगळ्यांनी एका जागी निजायचे नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तापाची साथ आली तेव्हा आजीच्या माहेरचे सगळे एका खोलीत निजत होते. आठवड्याभरात ती खोली रिकामी झाली. आजीने पुढे आम्हा सगळ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत निजवले. दुसऱ्या महायुद्धात मागच्या गल्लीत बॉम्ब पडला. तिथले कुटुंब जिन्याखाली एकमेकांना बिलगून बसले होते, त्यातले कोणी उरले नाही. वडिलांनी त्याच दिवशी आम्हा भावंडांना दोन घरांत वाटले. मग एका बॉम्बने अख्खे शहर जाते हे जगाला कळले, तेव्हा वेगळी घरेही पुरेनाशी झाली, वेगळी शहरे लागली. माझी मुले शाळेत असताना दोन बलाढ्य देश क्षेपणास्त्रे रोखून उभे राहिले. मी मुलाला त्याच्या मामाकडे दुसऱ्या शहरात धाडले. थोड्या दिवसांसाठी, असे त्याला सांगितले होते. पुढे ते देश निवळले, मी काही निवळले नाही.

माझा नियम चुकला असे मी लिहून देणार नाही. दोघे जिवंत आहेत.

कलम २. बँकेतील रक्कम दोघांना निम्मी निम्मी. त्यावरून भांडू नये, भांडण्याइतकी ती नाहीही.

कलम ३. निवृत्तीच्या निरोपाला मिळालेला माझा हेडफोन मुलीला द्यावा. रविवारी एक्स्चेंजच्या बोर्डावर गर्दी नसे, तेव्हा मी मामाच्या शहराची लाइन आमच्या शेजाऱ्यांच्या फोनला जोडून देई आणि मधे बसून ऐके. भावंडे अशी वाढली. मुलगी म्हणे, "आई, नाक ओढू नकोस, इकडे ऐकू येतं." माणूस चंद्रावर उतरला त्या दिवशी सगळे जग रेडिओला चिकटले होते आणि बोर्डावर कॉलचा एकही दिवा लागत नव्हता. मी दोघांना जोडून दिले. दोन्हीकडे तेच प्रक्षेपण चालू होते आणि दोघे काही न बोलता रिसीव्हर धरून होते. मला वाटले, चला, एका बॉम्बच्या तावडीबाहेर राहायला आता चंद्र ही एक जागा तरी झाली. मग थेट डायल करायची सोय आली आणि ते माझ्यावाचून बोलू लागले.

या रविवारच्या फोनांबद्दल माझा पगार कापणाऱ्या सुपरवायझरबाईंना माझ्याकडून काहीही देऊ नये. त्या वारल्या असल्यास त्यांच्या वारसांनाही देऊ नये.

कलम ४. कपाटातील फोटो. यजमानांनी मुलाच्या सुट्टीत दोघांना गुपचूप फोटोग्राफरकडे नेले होते. "अगं, एका फोटोनं काय होतंय?" एवढेच म्हणाले. मी महिनाभर अबोला धरला. ते वारले तेव्हाही मुलगा सकाळी आला, आणि मुलगी तो निघून गेल्यावर. दोघे एकत्र असलेला हा एकच फोटो आहे. तो कापून वाटून घेऊ नये.

कलम ५. हे घर विकून पैसे दोन शहरांत पाठवावेत, असे मी ठरवले होते. पण सून गेल्यापासून मुलगा एकटा आहे, मुलीने शाळेतली नोकरी मुदतीआधीच सोडली, आणि दोघांना इथे मिळून राहायचे आहे. तेवढ्यात शेजारी बसून मजकूर तपासणाऱ्या वकीलबाईंनी विचारले, "आजी, दोघंही एकदम गेले तर घर कोणाला? लिहावं लागतं."

मी पेन खाली ठेवले. हा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून तर सगळा जन्म खर्ची घातला. म्हटले, जागा कोरी ठेवते. त्या म्हणाल्या, कोरी ठेवता येत नाही, आणि त्यांनीच दोघांना आतून हाक मारली.

मुलगी हात पुसत आली. प्रश्न ऐकून म्हणाली, "एकदम गेलो तर बरोबर तरी असू. मग घराचं काय करायचंय?"

मुलगा म्हणाला, "एवढं तरी एकत्र होऊ दे की, आई."

आणि दोघे हसले. त्यांचे हसणे अगदी एकसारखे आहे, हे मला ठाऊक नव्हते. लाइनवर ते वेगवेगळे वाटायचे.

तरी लिहिते. हे घर दोघांना मिळून, वाटणी न करता. दोघे एकदम गेल्यास ते निवृत्त ऑपरेटरांच्या संघाला जावे. हे वाक्य मी एकदा लिहिले, पुन्हा वाचणार नाही.

कलम ६. आज दोघांची अंथरुणे मागच्या खोलीत शेजारी शेजारी घालावीत. माझेही तिथेच घालावे, मधे. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रातले मेल्यानंतर करायचे असते, हे तर आजचे आहे. असू दे. तोंडाने सांगायला गेले तर माझा धीर सुटेल, म्हणून लिहून देत आहे.

लिहून देणार: (सही)

वरील सही आमच्यासमोर झाली:
१. समोरचे डॉक्टर (सही)
२. वकीलबाई (सही)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ३१ डिसेंबर १९९९