खरेदीचा भाव

१४ मार्च

प्रिय धाकटेराजे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांच्या कमरेचं हाड जुळलंय, पण चालताना अजून माझा खांदा लागतो. डॉक्टर म्हणाले, आता काळजीचं कारण नाही. त्यांना नसेल.

तुझं पत्र मिळालं. घर लहान, जिना उभा, तुम्हा दोघांच्या नोकऱ्या, सगळं वाचलं. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी इथल्या बातम्या.

आमच्या बँकेनं दोन्ही देशांच्या गंगाजळीचा, म्हणजे परकीय चलन आणि सोन्याच्या साठ्याचा, तुलनात्मक तक्ता छापला. आपला आणि तुमचा, गेल्या तीस वर्षांचा. केला मीच. नुसत्या परकीय चलनात आपण अजूनही पुढे आहोत, पण सोनं मिळवलं की तुम्ही. आणि यंदा तुमचा आकडा असा काही वर गेला, की अख्ख्या विभागाचे डोळे पांढरे झाले. मी खोदून पाहिलं. तुमच्या मध्यवर्ती बँकेनं वर्षभरात गुंजभरसुद्धा सोनं घेतलेलं नाही. हिशेबाची रीत तेवढी बदललीय. तिजोरीतलं तेच सोनं आता आजच्या बाजारभावानं मांडतात. आपण अजून खरेदीच्या भावानं मांडतो, आजोबांच्या काळात घेतलं असेल तर त्या काळच्या. बाजार चढला की तुमचा देश बसल्या जागी श्रीमंत होतो.

मी तक्त्याखाली तशी तळटीप घातली होती. साहेबांनी ती उडवली. म्हणाले, "तळटीप कोण वाचतं हो? उगाच जागा खाते."

बाबांच्या खोलीतला याच गंगाजळीचा आलेख आठवतो ना? चिकटपट्टीनं कागद जोडत जोडत तो कपाटापासून खिडकीपर्यंत गेला होता. निळी रेघ आपली, लाल तुमची. तू गेलास त्या वर्षी आपलं परकीय चलन आटलं आणि लाल रेघ निळीच्या वर गेली. तिथे त्यांनी पेन्सिलीनं बारीक टिंब केलंय. तेव्हापासून त्यांच्या लेखी लाल रेघ म्हणजे तूच. बँकेतून निवृत्त झाले तरी आकडे हवेतच. हात थरथरतो, म्हणून स्टुलावर चढून रेघ मी ओढायची आणि त्यांनी पलंगावरून शेळ्या हाकायच्या.

यंदा लाल रेघ ओढताना कागद अपुरा पडला. वरचं टोक भिंतीवर काढावं लागलं. बाबा काय खुलले! "बघ, पोरानं निवडलेला देश बघ!"

मी म्हटलं, "अहो बाबा, नवीन सोनं नाहीये त्यात. नुसता भाव चढवलाय."

"तुला ना, दुसऱ्याचं चांगलं बघवतच नाही."

जन्मभर हेच हिशेब लिहिलेला माणूस! त्यांना कळत नाही असं नाही. कळून घ्यायचं नसतं.

तू रविवारी दहा मिनिटं फोन करतोस. मग येईल त्याला, अगदी दूधवाल्यालासुद्धा ऐकवतात, "पोराचा फोन होता. किती जीव लावतो!" त्यांचं अंग पुसणारी, त्यांना धरून उठवणारी मी मात्र जुन्याच भावानं मांडलेली. तुझं सोनं दर रविवारी चढतं, त्यात तुला गुंजभराची भर घालावी लागत नाही. राग येतो मला. खूप येतो.

आता ते शेवटचं.

दुसऱ्या शहरातल्या कचेरीत विभागप्रमुखाची जागा मला मिळत होती, दोन वर्षांसाठी. आयुष्यात एकदाच मी तुझ्याकडे काही मागितलं, तेवढे दिवस बाबांना घेऊन जा म्हणून. आणि तू हो म्हणशील असं धरून, वेड्यासारखी त्यांनाही सांगून बसले. त्याच संध्याकाळी त्यांनी बॅग भरायला लावली. आलेख उतरवून घेतला, गुंडाळी करून बॅगेशेजारी उभी केली. रोज सकाळी दाढी करून बसायचे. "लिफ्ट असेल ना गं त्याच्याकडे?"

तुझं पत्र आलं तेव्हा समोरच होते. "कधी बोलावतोय?"

मी म्हटलं, "तो उद्या तिकीट काढायला तयार आहे. मीच नको म्हणतेय. एवढ्या लांब पाठवायचा मला धीर होत नाही."

कशी बोलून गेले, माझं मलाच कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून खरं सांगवेना. तेव्हापासून त्यांनी अबोला धरलाय. ताट पुढे केलं की मान फिरवतात. शेजारच्या काकांना सांगत होते, "पोरगा न्यायला बसलाय हो, पण ही सोडेल तर ना! हिला एकटं राहायची भीती."

ती जागा मी काल नाकारली. साहेब म्हणाले, "तुमची मर्जी."

बॅग अजून भरलेलीच आहे. आलेख पुन्हा लावू देत नाहीत. कागदाबाहेर गेलेलं ते लाल टोक तेवढं भिंतीवर राहिलंय. त्याच्याकडे बघत पडून असतात.

तेव्हा रविवारी एवढं कर. जिना, घर, नोकऱ्या, यातलं अक्षर काढू नकोस. म्हण, "मी तयार होतो बाबा, ताईच ऐकेना." माझ्यावर जरा चिडल्यासारखं कर, खरं वाटेल असं. त्यांना बरं वाटेल, दोन घास जास्त जातील. खरं काय ते तुला माहीत असलं म्हणजे झालं. हे पत्र तळटीप समज, पण वाच.

जुन्याच भावाची,
ताई