दुपारी घट्ट होणारं दार

१२ मार्च

प्रिय ताई,

आई बरी आहे. गुडघा दुखतोच, पण हल्ली ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत बसत नाही, म्हणजे खरोखर कमी असावं. छोटीचा दात पडल्याचं तिच्याकडूनच कळलं. छोटीला मावशीकडून एक पापा दे.

फोन करायचा सोडून ही कागद घेऊन का बसली, असं तुला वाटेल. फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडतो आणि तिसऱ्याला आईला मध्ये ओढतो. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही.

वर्कशॉप ठीक चाललंय. मिस्त्रीकाकांनी पत्रा वाकवायचं जुनं मशीन शेवटी दुरुस्त करून घेतलं. आता ते ओरडत नाही, त्यामुळे ती जबाबदारी काकांनी स्वतःकडे घेतली आहे.

मी डबा आणणं बंद केलंय. शहरात दुपारच्या जेवणाची नवी छोटी हॉटेलं निघताहेत ना, काउंटरवर सांगा, ट्रे उचला, खा आणि निघा अशा थाटाची, तिथे जेवते. आजवर बहुतेक सगळी पालथी घातली. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतला धूर बाहेर काढून देणं हाच आपला धंदा, त्यामुळे नवं हॉटेल म्हणजे नवं गिऱ्हाईक, असं कारण मी सगळ्यांना देते. (आपला म्हणजे आता माझा. हात अजून 'आपला'च लिहितो.) काका परवा म्हणाले, "बाई, तुम्ही जेवायला जाता की तपासणीला?" मी म्हटलं, "दोन्हीला." तर म्हणतात, "मग वजन का वाढत नाही?"

टायरच्या दुकानाच्या माडीवर एक आहे. रोज एकच पदार्थ, पाटीवर खडूने लिहितात आणि संपला की पुसून टाकतात. मी गेले तेव्हा मशरूमचं सूप आणि जाड पाव होता. सूप फार चांगलं. पण धुराचं तोंड त्यांनी शेजारणीच्या खिडकीखाली काढलंय. ती बाई दर दुपारी खिडकी धाडकन आपटते. नेहमीची गिऱ्हाइकं मानही वर करत नाहीत.

जुन्या छापखान्यात एक निघालंय. छत उंच, भिंती उघड्या, त्यामुळे सगळा आवाज घुमतो. पलीकडच्या टेबलावरचं जोडपं एकमेकांना ऐकू यावं म्हणून ओरडून भांडत होतं, आणि चूक त्याच्या आईची आहे हे आम्हा सगळ्यांना चमचे खाली ठेवून ऐकावं लागलं. तिथलं जेवण आठवत नाही.

मालवाहू डब्याला खिडक्या पाडून एकीने हॉटेल केलंय, ते मला सगळ्यात आवडलं. भाजलेल्या भाज्या, वर लिंबू आणि मीठ, बाकी काही नाही. बाई तुझ्याच वयाची, रुमाल तुझ्यासारखाच कपाळावर ओढून बांधते. मी तिला म्हटलं, धुराची जाळी रोज धूत जा. ती म्हणाली, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "जेवायला आलेय." "मग जेवा की," म्हणाली. मी तिथे आणखी दोनदा गेले.

तुझ्या हॉटेलात मात्र आले नव्हते. तू बोलावलं नव्हतंस. आई म्हणते, सख्ख्या बहिणीला कसलं आमंत्रण? पण तू वर्कशॉप सोडलंस त्या दिवशी मी हिशोब सांगितला आणि तुला तो शाप वाटला, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. हिशोब अजूनही तोच आहे. दुपारी टेबलं भरली नाहीत तर असं हॉटेल चालत नाही.

मग आईने सांगितलं की महिनाअखेर तू जागा सोडायचं म्हणतेस. संध्याकाळी चहाला माणसं येतात, पण दुपारी, ज्यासाठी हॉटेल काढलं त्याच वेळी, शुकशुकाट. मेनू बदलून झाला, पाटी बदलून झाली, भाव उतरवून झाले. "आता तिला वाटायला लागलंय की आपल्या हाताला चवच नाही," आई म्हणाली, आणि मग उगाच गुडघा चोळत बसली.

म्हणून मागच्या सोमवारी दुपारी आले. लगेच आत शिरले नाही, समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. हो, तपासणीला.

ऑफिसातल्या दोन बाया आल्या. एकीने दार ओढलं.

"बंद आहे गं."

"दिवे तर चालू आहेत."

"मग तू ओढ."

तिने ओढलं, मग ढकलून पाहिलं. "चल बाई, जाऊ दे. कोपऱ्यावर खाऊ."

त्यांच्यामागून एक माणूस आला, हातात हेल्मेट. त्याने दार ओढलं आणि काचेला नाक लावून आत पाहिलं. आतून भावोजींनी या या म्हणून हात हलवला. त्याला वाटलं, बंद आहे म्हणताहेत. त्यानेही हात हलवला आणि निघून गेला. भावोजी हसतमुखाने तसेच उभे. ताई, मला हसू आलं आणि लगेच गेलं.

मग एक आजोबा आले. त्यांनी काठी काखेत धरली, दोन्ही हातांनी दार खेचलं आणि आत गेले. त्यांच्या पाठोपाठ मीही. आजोबा म्हणाले, "तिजोरीचं दार बसवलंय का हो?" भावोजी म्हणाले, "आत खजिनाच आहे, आजोबा!" दोघंही खूश. कोणाच्याही काही लक्षात आलं नाही.

माझ्या आलं. दार उघडल्याबरोबर वारा माझ्या पाठीमागून आत घुसला आणि पहिल्या टेबलावरचे कागदी रुमाल उडाले. बसल्यावर मी रुमालाची एक पट्टी फाडून दाराच्या फटीशी धरली. ती आतल्या बाजूला आडवी झाली.

आता नीट वाच. तुझा पंखा धुराबरोबर खोलीतली हवाही बाहेर फेकतो. तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी, आणि तुझ्याकडे ती यायला वाटच नाही. मागच्या गल्लीतली धूळ नको म्हणून मागच्या दाराला तू रबराची पट्टी लावून घेतलीस, हे आईने सांगितलं होतं. काम चोख झालंय, तीच अडचण आहे. पुढचं दार बाहेर उघडतं आणि बाहेरची हवा ते चौकटीवर दाबून धरते. दुपारी सगळ्या शेगड्या पेटतात, पंखा पूर्ण जोरात फिरतो, तेव्हा ते सगळ्यात घट्ट. संध्याकाळी चहापुरती एक शेगडी असते, पंखा मंद असतो, तेव्हा लहान मूलही उघडेल. म्हणून चहाला माणसं आहेत आणि जेवायला नाहीत.

तुला हे कळलं नाही कारण तू मागून येतेस आणि मागूनच जातेस. भावोजी पुढचं दार सकाळी झाडताना उघडतात, तेव्हा पंखा बंद असतो. पटत नसेल तर उद्या ऐन जेवणाच्या वेळी एप्रन काढ, मागून बाहेर पड, ते दार घट्ट लावून घे, रस्त्याने वळसा घालून पुढे ये आणि एका हाताने दार ओढ. दुसऱ्या हातात पिशवी असू दे.

अशी चूक तू कशी केलीस याचा मी विचार केला. दुसऱ्या कोणी केली असती तर मी त्याला अडाणी म्हटलं असतं. पण आपल्या कामात धूर ओढण्याचं गणित नेहमी तुझं असायचं आणि हवा आत आणण्याचं माझं. तुझ्या ड्रॉइंगवर ती बाजू कोरीच असायची, कारण ती मी भरणार हे ठरलेलं होतं. स्वतःच्या जागेत तू तुझं अर्धं काम केलंस, नेहमीसारखं उत्तम. पुढचं अर्धं करायला कोणी नव्हतं.

भावोजींनी मला ओळखलं. "अगं मीटरबाई, तू? आज हवा मोजायचं मीटर नाही आणलंस? थांब, तिला बोलावतो." मी म्हटलं, बोलावू नका, मी आल्याचं सांगूही नका. ते समोर बसले. "बघ ना, लोक येतात, डोकावतात आणि परत जातात. तुझी ताई म्हणते, वासच आवडत नसेल." मी दाराकडे पाहत होते. म्हणाले, "दार बघतेस? नवीन बसवलंय. चांगलं आहे ना?"

मी म्हटलं, "दार चांगलं आहे."

एवढंच म्हटलं, ताई. बाकीचं तेव्हाच सांगता आलं असतं. आतून तुझा आवाज येत होता, कोणाला तरी वाडगे गरम करून घ्यायला सांगत होतीस. दहा पावलं चालून आले असते, मागचं दार उघडून दिलं असतं, तर त्याच दुपारी टेबलं भरायला लागली असती. मी ट्रे जागेवर ठेवला आणि निघाले.

मधल्या दिवसांत मी लिहिलं नाही. वेळ नव्हता म्हणून नव्हे. महिनाअखेर तू जागा सोडली असतीस तर वर्कशॉपला परत आली असतीस. त्यासाठी मला काही करायचंच नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही. कोणाला कधी कळलंही नसतं. मी तुझं स्वागत केलं असतं, 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हटलं नसतं, आणि तू मला मनाने मोठी समजली असतीस.

डबा मी नव्या हॉटेलांसाठी बंद केला नाही. दुपारी वर्कशॉपमध्ये एकटीने जेववत नाही. त्यामुळे कुठेही जाते.

काल मात्र आईने सांगितलं की तू घरीही स्वयंपाक करेनाशी झालीस. छोटीला बाहेरून आणून देतेस आणि विचारलं तर म्हणतेस, माझ्या हातचं कशाला. ते ऐकल्यावर गप्प बसणं जमलं नाही.

तर ऐक. त्या दिवशी मी वाडगा पुसून खाल्ला. भात मोकळा होता, भाज्या कुरकुरीत होत्या, वरच्या अंड्याचा पिवळा बलक मोडला की भातात उतरत होता, आणि आल्याचा वास शेवटच्या घासापर्यंत टिकला. आजोबांनी दुसरा वाडगा मागवला. ज्यांना दार ओढता आलं, त्यांच्यातल्या कोणीही काही टाकलं नव्हतं, मी सगळ्यांचे ट्रे बघितले. तुझ्या हाताला चव आहे. लोकांनी तुझं जेवण नाकारलेलं नाही, त्यांना ते अजून मिळालेलंच नाही.

आता काय करायचं ते सांगते. आजच मागचं दार सताड उघड आणि धुळीसाठी ओला पडदा लाव. रविवारी काका आणि मी येतो. रद्द झालेल्या एका कामाचा, हवा आत आणणारा पंखा पडून आहे, गाळणीसकट बसवून देऊ. तू म्हणशील, तुला कोणी विचारलं होतं? कोणी नाही. भांडायचं असेल तर पंखा बसवून झाल्यावर भांडू, आधी भांडलो तर काका पळून जातील. जागेच्या मालकाला मात्र आजच फोन करून सांग की जागा सोडत नाही.

आणखी एक. तुझ्या कामासाठी मी माणूस शोधत होते असं सगळ्यांना सांगत आले, पण शोधत नव्हते. आलेले अर्ज उघडलेही नव्हते. आज सकाळी उघडले. एका मुलीला बोलावून घेतलं, तिला धुराचं गणित येतं, तुझ्याइतकं नाही, पण येतं. तिला हो म्हटलं आहे. सोमवारपासून येईल.

पत्र टपालाने पाठवत नाही. काका दारात उभे आहेत, त्यांच्या हाती देते, म्हणजे मला पुन्हा विचार करता येणार नाही.

जागा सोडू नकोस. परत येऊ नकोस.

तुझी,
धाकटी