तिसरीतला एगर्ट

कील, ४ जानेवारी

चि. गेसीनेस आईचे अनेक आशीर्वाद.
पत्र पोचलं. आपली सहा वर्षांची विबके पहिलीतून थेट तिसरीत, आणि तीही माझ्या जुन्या शाळेत! बेकरीत सांगितलं, पोस्टात सांगितलं, कुत्र्यालासुद्धा सांगितलं. शाळा अर्ध्यात सुटलेल्या आजीची नात भागाकार करते म्हणजे काय! लाल कोबी यंदा फक्कड जमलाय, बरणी पाठवते. काय सांगत होते? हां, हुशार मुलांच्या त्या शहरातल्या शाळेत नको. एवढासा जीव वसतिगृहात कशाला? आठवडाभर तिसरीत बसवून तर बघ.
माया पातळ करू नकोस.
तुझी आई

आल्टेनब्रोक, १४ जानेवारी

ती. आईस सा. न. वि. वि.
गणितं विबकेची सगळ्यांआधी होतात. पण मोठ्या मुली खेळायला घेत नाहीत, दुधाची बाटली आणलीस का म्हणून चिडवतात. विबके म्हणते, एगर्ट बसतो ना माझ्याजवळ! त्यालाही कुणी घेत नाही म्हणे. त्याचे मोजे कायम ओले. तळ्यावरून घरी यायची जवळची वाट तो तिला दाखवणार आहे. बाई म्हणतात, या नावाचा मुलगा शाळेतच नाही. तुझा जावई हसतो, हुशार पोरांना असले सवंगडी सुचतात म्हणे. सोमवारी शाळेला पक्कं सांगायचंय. काय करू?
तुझी गेसीने

कील, १६ जानेवारी

चि. गेसीने,
तिसरीतून काढ तिला. एगर्ट माझा थोरला भाऊ. हुशार म्हणून मास्तरांनी दोन वर्ग वर चढवला. मोठी पोरं त्याला टाकून घरी जायची. एकदा एकटाच गोठलेल्या तळ्यावरून निघाला, बर्फानं वजन पेललं नाही, बुडाला. आईनं पुढं ते नाव घरात कुणाला घेऊ दिलं नाही. तुझ्यापाशी मीही कधी घेतलं नाही, मग विबकेला सांगितलं कुणी? तिला तिच्या वयाच्या पोरांत बसव, गणितापुरती वर जाऊ दे. आणि शाळेतून आणायला तू स्वतः जा.
आई

आल्टेनब्रोक, २ फेब्रुवारी

ती. आईस सा. न.
विबके पहिलीत परत रमली. टोमके नावाच्या मैत्रिणीशी रोज भांडते, रोज गळ्यात पडते. एगर्ट आता येत नाही. काल विचारलं, तर म्हणाली, तिसरीत नवा छोटा मुलगा आलाय, खूप हुशार, एगर्ट त्याच्याजवळ बसतो.
तुझी गेसीने

कील, ४ फेब्रुवारी

गेसीने,
पत्र मिळताच त्या मुलाच्या आईला गाठ. वेडी म्हणाली तर म्हणू दे.
आई