हात जोडल्यानंतरचं

सिस्टर, तुमच्या नावावर मी अठरा वर्षं खोटं बोलले. अगदी खोटंही म्हणता येणार नाही. खरी गोष्ट सांगायला घ्यायची आणि जिथे ती नकोशी होते तिथे थांबायचं, एवढंच. पण त्या थांबण्यापायी एका बाईचे दोन्ही हात मोडले, आणि परवा शनिवारी ती पालकांच्या मेळाव्यात माझ्यासमोर पहिल्याच रांगेत येऊन बसली. पुढे काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेलं शाळेत आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. ऑफिसात तुमचा फोटो आहे. त्यात तुम्ही इतक्या शांत दिसता की मला त्या फोटोचा रागच येतो.

नव्या पालकांना शाळेची ओळख करून द्यायचं काम तुम्ही गेल्यावर फिरत फिरत माझ्याकडे आलं. आता त्याला हॉल असतो, माईक असतो, पडद्यावर फोटो दाखवतात. तुमच्या वेळी तुम्हीच मे महिन्यात एसटीने गावोगाव हिंडायचात. आमच्या ओटीवर बसलेल्या तुम्ही मला अजून दिसता: पांढऱ्या झग्याची कड लाल मातीने माखलेली, हातात ताकाचा पेला. आजूबाजूची चार घरं गोळा झालेली. कुणीतरी विचारतं, पोरीला बाटवणार नाही ना? तुम्ही म्हणता, "तुमचा देव तिच्याबरोबर येऊ दे की. त्याला शाळा सोडल्याचा दाखला मागत नाही आम्ही." सगळे हसतात. मग तुम्ही शाळेच्या शिस्तीबद्दल सांगता, आणि शेवटी, जणू घंटा किती वाजता होते ते सांगावं तशा आवाजात म्हणता की आमच्याकडे मुलांना मारत नाहीत. तेव्हा मात्र सगळ्यात मोठ्याने माझे बाबा हसतात. "मारत न्हाय? मग पोरं ऐकतात कशी?" तुम्ही त्यांच्याकडे बघून म्हणालात, "येऊन बघा एकदा."

बाबा म्हणजे गावात भला माणूस. आमची सुपारीची वाडी होती, आणि कुणाच्या माडाला कीड लागली की पहिलं बोलावणं त्यांना जायचं. लोकांशी बोलताना आवाज कधी चढला नाही. घरात मात्र हात बोलायचा. झावळीचा दांडा, कमरेचा पट्टा, काही सापडलं नाही तर पितळी तांब्या. आईचा डावा कान त्यांनीच घालवला. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून. माझ्या पाठीवर पट्ट्याच्या बक्कलाची खूण आहे, ती मी आजवर कुणाला दाखवलेली नाही. मारून झालं की ते मोरीवर जाऊन साबणाने हात धुवायचे आणि मग जेवायला बसायचे, आणि आईला त्यांना वाढावं लागायचं. ते हात धुणं मला माराहून जास्त लागायचं.

मी आठवीत होते तेव्हा धाकट्या बहिणीच्या पाचवीच्या प्रवेशासाठी बाबा शाळेत पालकांच्या मेळाव्याला आले. आठवीच्या मुलींकडे चहाचं काम, म्हणून मी दारात ट्रे घेऊन उभी. तुम्ही प्रेम, क्षमा, सेवा असं सगळं सांगितलंत आणि त्या वर्षी पहिल्यांदाच एक वाक्य वाढवलंत: "या शाळेतल्या मुलीला घरीसुद्धा कुणी मारायचं नाही. मारलंत तर मी विचारायला येईन." तुम्ही कुणाकडेच बघितलं नव्हतं. बघितलं ते आमच्या गावच्या लोकांनी. चार-पाच माना एकदम बाबांकडे वळल्या. बाबांनी हातातली कपबशी खाली ठेवली, अगदी हळू.

मेळावा संपल्यावर मी तुमच्या मठाच्या स्वयंपाकघरात कप विसळत होते. बाबा मागच्या दाराने आले. "घरातलं गावाला सांगतेस व्हय?" एवढंच म्हणाले आणि माझी वेणी मनगटाला गुंडाळली. मी काहीच सांगितलं नव्हतं, सिस्टर. तेही सांगायला वेळ मिळाला नाही. त्यांनी माझं कपाळ मोरीच्या काठावर आपटलं, पुन्हा आपटलं, कप फुटले, मी फुटक्या कपांवर पडले आणि ते लाथा घालायला लागले. पोटात, बरगडीत, पुन्हा पोटात. स्वयंपाकाच्या मावशी कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून उभ्या राहिल्या. तुम्ही धावत आलात. माझ्या आणि त्यांच्या मधे उभ्या राहून हात जोडलेत. "पाया पडते, सोडा तिला."

अठरा वर्षं मी गोष्ट इथेच थांबवत आले. सिस्टरांनी हात जोडले, आणि त्या दिवसानंतर माझ्या वडिलांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसायच्या, बाप्ये खाली बघायचे, आणि मला तो हॉल मुठीत आल्यासारखं वाटायचं. शाळेच्या माहितीपत्रकातही 'क्षमेची ताकद' म्हणून ते छापलं आहे, दुसऱ्या पानावर, तुमच्या त्या शांत फोटोखाली. खरं सांगायला कुणी उरलंही नव्हतं. मावशी गेल्या, आणि बाबांनी मरेपर्यंत सगळ्यांना हेच सांगितलं की सुपारीवरून पडलो. बाईमाणसाने मारलं हे सांगण्यापेक्षा झाडावरून पडणं त्यांना बरं वाटलं.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात मुरुडच्या कोळीवाड्यातली एक बाई होती, मुलगी पाचवीत यायची म्हणून आलेली. माझी गोष्ट ऐकताना ती एवढी पुढे झुकली होती की मला वाटलं खुर्चीवरून पडेल. श्रावणात तिची मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही, म्हणून मी घरी गेले. बाई खाटेवर बसलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. मी काय झालं विचारलं. ती म्हणाली, "पोरीवर धावून गेला तो. मी तुमी सांगितलात तसंच केलं, बाई. मधी उभी ऱ्हायले, हात जोडले. जोडलेले व्हते ना, दोनी एकदम गावले त्याला." वल्ह्याचा दांडा होता. माझ्यावर रागावून ती बोलत नव्हती. परीक्षेत उत्तर बरोबर लिहूनही मार्क का गेले असं एखाद्या मुलीने विचारावं, तसं तिचं तोंड होतं. तिचा नवरा बाहेर जाळं विणत बसला होता. मला बघून उठला, म्हणाला, "बसा की बाई, चहा घेऊन जावा." सिस्टर, मी बापावर गेले आहे. शेजारी ते वल्हं भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं आणि माझे हात शिवशिवत होते. त्याच्या तोंडावर ते उभं-आडवं घालावं, दात मोजून पाडावेत, असं मला वाटलं, आणि मी चहा न घेता परत आले. पोलिसांत चल म्हणून मी तिला दोनदा विनवलं. ती नाही म्हणाली. तिची हाडं सांधली, पण उजवं मनगट वाकडं राहिलं. कोळंबी सोलायची सुरी आता त्या हातात ठरत नाही.

शनिवारी धाकटीच्या प्रवेशासाठी ती पुन्हा आली. मेळाव्याआधी मला व्हरांड्यात गाठून तिने विचारलं, "औंदा पन तीच गोष्ट सांगनार काय?" मी म्हटलं, तूच सांग काय सांगू. ती म्हणाली, "मी काय सांगू? मला पुढचं ठावं न्हाय." आणि आत जाऊन पहिल्या रांगेत बसली, मनगटं पदराखाली घेऊन.

मी माईक हातात घेतला. हात जोडण्यापर्यंत आले. सवयीने तोंड थांबलं, आणि मग मी पुढचं सांगितलं. सिस्टरांनी हात जोडले तेव्हा माझ्या बापाने त्यांच्या मुस्काटात मारली. त्यांच्या डोक्यावरचं वस्त्र उडून मोरीत पडलं. बाबा पुन्हा माझ्याकडे वळले, पाय उचलला. तेव्हा सिस्टरांनी कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि त्यांच्या गुडघ्यावर घातलं. ते खाली बसले, शिवी देऊन उठायला लागले, तर दुसरा घाव उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, पालकांनो, ओली काटकी मोडावी तसा. त्या हाताने मग मला कधी मारलं नाही, कारण त्याला भीती बसली होती. पश्चात्ताप वगैरे काही झालेला मी बघितला नाही.

एक गृहस्थ फस्सकन हसले आणि शेजारी कुणी हसत नाही बघून गप्प झाले. एक आजोबा नातीचा हात धरून उठले, "असल्या शाळेत न्हाय घालायची" म्हणत निघून गेले. मी पुढे म्हटलं की मुसळं उचला असं मी सांगत नाही. पण जो हात जोडल्याने थांबत नाही त्याच्यापुढे हात जोडून उभ्या राहू नका. पोरीचा हात धरा आणि इथे या. फाटक उघडून आत घेऊ, पोलिसांना आम्ही बोलावू, आणि तो आला तर आधी आम्हाला भेटेल. हे मी कुणाला विचारून बोलले नव्हते. आपल्या आताच्या मुख्याध्यापिका, त्याही सिस्टरच, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, चांगल्या आहेत. मागाहून त्यांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "टीचर, यात क्षमा कुठे राहिली?" मी म्हटलं, क्षमा नंतर, सिस्टर, आधी वेणी सुटली पाहिजे. त्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला आहे. पण फाटकाची किल्ली मागितली तेव्हा नाही म्हणाल्या नाहीत. ती आता माझ्याकडे आहे.

ती बाई सगळे गेल्यावरही बसून होती. मला वाटलं, आता काही चांगलं बोलेल. अठरा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं मला वाटत होतं ना, म्हणून. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ह्ये मागल्या वर्षी सांगायचं ना, बाई." मग धाकटीला घेऊन प्रवेशाचा फॉर्म भरायला गेली. सही तिला डाव्या हाताने करावी लागली.

खुलासा लिहायला म्हणून मी हा कागद घेतला होता. पण कागद समोर आल्यावर दुसरंच आठवायला लागलं, आणि ते मुख्याध्यापिकांना सांगण्यासारखं नाही. मुसळाच्या त्या प्रकारानंतर आठवड्याने तुम्ही मला प्रार्थनेच्या बाकावर शेजारी बसवून घेतलंत. तुमचे डोळे खोल गेले होते. मावशी म्हणायच्या, सिस्टरांनी अन्न सोडलंय. तुम्ही मला विचारलंत, "तू खरं सांगशील म्हणून तुला विचारते. माझं चुकलं का गं?" मी म्हटलं, "हो, सिस्टर. चुकलं." तुम्ही मान हलवलीत, माझ्या कपाळावरच्या टाक्यांवरून बोट फिरवलंत आणि उठलात. महिन्याच्या आत मुख्याध्यापिकेचं पद सोडून तुम्ही कुठल्याशा वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात गेलात, आणि तुम्ही शाळा सोडल्याची बातमी आम्हाला फळ्यावर वाचायला मिळाली.

तुम्हाला वाटलं असेल, या पोरीला मी क्षमा शिकवली आणि मीच ती मोडली, म्हणून ती हो म्हणाली. तसं नव्हतं. बाबा खाली पडले तेव्हा मला इतका आनंद झाला होता की तोंडातल्या रक्तासकट मी हसले होते. पण नंतर तुम्ही त्यांना उठवलंत, रिक्षा बोलावलीत, त्यांचं डोकं तुमच्या खांद्यावर टेकवून दवाखान्यात घेऊन गेलात. मी फुटक्या कपांमध्ये पडले होते आणि तुम्ही एकदाही मागे वळून बघितलं नाहीत. मला टाके घालायला मावशींनी नेलं. त्या रागाने मी हो म्हटलं, सिस्टर. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला फक्त तुम्ही आधी माझ्याकडे यायला हव्या होतात.