जोत्यावरची एकटी चौकट

३० मार्च, पाडवा

सगळं बदललं ते आज, चौकट पाहिली तेव्हा. भिंत नाही, विटेचा पत्ता नाही — अन् आमच्या नव्या घराच्या जोत्यावर टेकू लावून एकटी सागवानी चौकट उभी! तिला हळदकुंकू, तोरण. बाबांनी नारळ फोडला, डोळे पुसले. चौकटीच्या आरपार प्रतीक्षा दिसली, कंत्राटदार सहदेवकाकांची मुलगी. पेढे वाटत होती. मी पेढा घेतला अन् सरळ पुढं निघून गेलो. गाढव!

३१ मार्च

करार नीट वाचला. सही करताना वीस टक्के, जोतं झालं की पंचवीस, चौकट बसली की पंचवीस, स्लॅबला वीस, उरलेले दहा शेवटी. म्हणजे चौकटीचा हप्ता दिला की सत्तर टक्के पैसा गेला, अन् घर गुडघ्याएवढं! चौकट भिंतीसोबत बसते — एवढं तर मी अर्ध्यात सोडलेल्या सिव्हिलमध्येही शिकवलं होतं. पण पाडव्याचा मुहूर्त बाबा थोडाच चुकवणार? काकांनी बरोबर तिथंच हप्ता बसवला. उद्या काम सोडून गेले तर? अंजनगावचं संत्र्याचं वावर विकून आलेला पैसा आहे हा!

२ एप्रिल

राजापेठेत काकांच्या ऑफिसात गेलो. 'काका, भिंत कुठंय?'

'येते ना बापा! चौकट पूजली ना तुमी? मंग हप्ता द्या.' अन् मिस्त्र्यांकडे पाहून — 'इंजिनेर अर्धा, शंका पुऱ्या!'

टेबल उलटवणार होतो. बाजूच्या खुर्चीत प्रतीक्षा बिलं लावत होती. नाही उलटवलं.

३ एप्रिल

त्या वाक्यावर ती हसली होती का? आठवत नाही. जेवण गेलं नाही.

७ एप्रिल

बाबांशी जोरात भांडलो. 'सहदेवभाऊ आपल्या गावाकडचा माणूस हाय. शब्दाचा पक्का.'

'शब्दावर स्लॅब पडते काय, बाबा?'

आई मधूनच — 'हळू बोला ना, घरमालकीण आयकून राहिली.'

शेवटी बाबा म्हणाले, 'बरं. खिडकीच्या वर भिंत जाईस्तोवर रोकतो हप्ता.' जिंकलो!

१२ एप्रिल

अजून एक वीट नाही. संध्याकाळी काका घरी आले. आज हसत नव्हते. बाबांना म्हणाले, 'वामनभाऊ, अठराले प्रतीक्षाचं साक्षगंध हाय. पोरगा अकोल्याचा, जठारपेठेत दुकान. या हप्त्याच्या भरोशावरच हॉल घेतला मी.'

म्हणजे माझा संशय खरा! आमच्या भिंतीचा पैसा तिच्या साखरपुड्याला. खरा ठरलो तर आनंद व्हायला पाहिजे होता ना?

१३ एप्रिल

मी हप्ता कशासाठी अडवतोय — भिंतीसाठी, की त्या जठारपेठवाल्यासाठी? आता माझाच मला भरवसा वाटत नाही. लाज वाटली. कॉलेज सोडलं तेव्हा सगळे म्हणाले, पोराचं डोकं गरम. या वेळी तरी मोठ्या मनानं वागायचं. बाबांना म्हटलं, 'देऊन टाका. पोरीचं कार्य आहे.'

'तूच म्हणून राहिला?' बाबा बघतच राहिले.

१४ एप्रिल

चेक मीच नेऊन दिला. प्रतीक्षानं घेतला. वर पाहिलं नाही.

१७ एप्रिल

प्रतीक्षाचा फोन. पहिल्यांदाच!

'काहून सोडला रे हप्ता? तू अडवला त मले वाटलं, साक्षगंध पुढं जाईन. मले नाई कराचं त्या पोराशी! बाबाले सांगून सांगून थकली मी. एरवी इतका भांडते, अन् ऐन वेळेले देवमाणूस झाला?'

मी तोवर चप्पल शोधायला लागलो.

'बोलशील बाबाशी? आज?'

आई ताट वाढतेय. नको म्हटलं. आता काकांना भिंतीचंही विचारतो अन् तिचंही. निघालो. वही मिटतो अन् दार बाहेरून ओढून घेतो.